अक्काच्या वाट्याची गोळी

"नकाब वर करा ना, शहनाजबी," नूतनने तिसऱ्यांदा म्हटलं. तिच्या एका हातात वही होती आणि दुसऱ्या हातात टॉर्च.

शहनाजने मान हलवली. एरवी हॉस्पिटलच्या दारातून आत आली की आधी नकाब मागे टाकून 'या अल्ला, क्या गरमी' म्हणणारी ही बाई आज डोळ्यांपुरतीच उरली होती. धुळ्याचा मे महिना, त्यात वरचा पंखा फिरण्यापेक्षा कुरकुरतच जास्त होता.

"मेरेको सर्दी हुई, मॅडम. आपको लग जायेगी."

"सर्दीला मी भीत नाही. पण तोंड बघितल्याशिवाय मी वहीत काय लिहू?"

शेजारच्या बाकावर भागाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. शहनाजला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी द्यायचं, ही दोघींची जुनी रीत होती.

"राहू द्या ना, बाई. तिले सर्दी व्हयेल शे. पहिले मना नंबर ली ल्या."

नूतनने टॉर्च बंद केला. दोघी पारोळ्याच्या, एकाच गल्लीतल्या, मधे एक भिंत असलेल्या दोन घरांतल्या. भागाबाई साठीच्या, नवऱ्याच्या, कौतिकनानांच्या माघारी एकट्या राहणाऱ्या. शहनाज चाळिशीला टेकलेली. नवरा नजीर गाद्या भरायचा, मुलगी तहरीम शाळेत. दोघींना तोंडाचा कॅन्सर. दोघींची ऑपरेशनं झाली, रेडिएशनचे शेक देऊन झाले आणि वर्षाच्या आत दोघींच्या मानेत पुन्हा गाठ आली. दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात त्या एकाच एसटीने यायच्या, एकाच डब्यातलं मऊ खायच्या आणि एकाच गाडीने परत जायच्या. नूतनच्या वहीत भागाबाई नववी पेशंट होती आणि शहनाज दहावी.

या दहाच्या आकड्यासाठी नूतनने चौदा महिने घातले होते. ती ट्रायलची को-ऑर्डिनेटर. एका नव्या गोळीची माणसांवर रीतसर चाचणी चालली होती, देशभर पंचवीसेक हॉस्पिटलांत, आणि त्यातलं एक हे धुळ्याचं. पेशंट शोधायचे, त्यांना समजावून सांगायचं, सही किंवा अंगठा घ्यायचा, महिन्याच्या महिन्याला बोलवायचं आणि सगळं लिहून ठेवायचं, हे तिचं काम. यातलं लिहिणं सोपं होतं. शोधणंही फारसं अवघड नव्हतं, कारण तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटांची खानदेशात कधी वाण पडली नाही. अवघड होतं ते 'हो' ऐकणं.

तिने एकशे त्रेसष्ट जणांना विचारलं होतं. साक्रीच्या एका गृहस्थाने सगळं शांतपणे ऐकलं. पण काही झालं तर विम्याची सोय आहे असं तिने सांगताच तो उठला. म्हणाला, "म्हणजे मी मरणार हे तुम्हाला आधीच ठाऊक आहे." अमळनेरचे एक निवृत्त मुख्याध्यापक संमतीपत्र विचार करायला म्हणून घरी घेऊन गेले. आठ दिवसांनी त्यांनी ते लाल पेनाने शुद्धलेखन तपासून परत आणलं, सही मात्र केली नाही. शिरपूरची एक बाई आनंदाने तयार झाली, तर तिची किडनी नियमात बसेना. जे नियमात बसायचे ते बाकावर बसायला तयार नसायचे आणि जे हात जोडून उभे असायचे त्यांना नियम बाहेर ठेवायचे. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. तोंडाच्या कॅन्सरच्या ओपीडीत ही म्हण मोठ्याने म्हणायची सोय नव्हती, म्हणून नूतन ती मनात म्हणायची.

मग फेब्रुवारीत कंपनीचं पत्र आलं. मार्चअखेर दहा पेशंट झाले नाहीत तर धुळ्याचं केंद्र बंद, आणि आधी घेतलेल्या पेशंटांनी पुढचं औषध नाशिकहून न्यावं. नाशिक म्हणजे जाऊन-येऊन तीनशे किलोमीटर. शहाद्याकडचा पेशंट महिन्याच्या महिन्याला तेवढं कुठून जाणार? तेव्हा आठ झाले होते.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात या दोघी आल्या. नूतनने त्यांना समोर बसवलं, कॅमेरा लावला, कारण संमतीचं चित्रीकरण करावं लागे, आणि सगळी पानं वाचून सांगितली. कुठे काही गोड करून सांगायचं नाही, हा तिचा स्वतःचा नियम होता. निम्मे पेशंट त्यापायीच निसटले असतील, पण तिने तो मोडला नव्हता. नेहमीच्या जुन्या गोळ्या सगळ्यांना मिळतील. नवी गोळी निम्म्याच लोकांना. कोणाला, ते कॉम्प्युटर ठरवणार. डॉक्टर नाही, मी नाही.

ते ऐकून शहनाज उभी राहिली होती.

"मेरा नाम कौनसी चिठ्ठी में निकला है आज तक?" ती म्हणाली होती.

भागाबाईंनी तिचा बुरखा धरून तिला खाली बसवलं होतं. "बस व. मी शे ना."

एवढंच. शहनाजने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, पेन घेतलं आणि सही केली. त्या दोघींमध्ये त्या क्षणी काहीतरी ठरलं हे नूतनला दिसलं होतं. काय ठरलं, हे विचारायला हवं होतं. पण दहावा पेशंट समोर बसून सही करत असताना माणूस फार खोदत बसत नाही. नूतनने कॅमेरा बंद केला आणि त्या संध्याकाळी घरी जाताना अर्धा किलो जिलबी नेली.

कॉम्प्युटरने नवी गोळी भागाबाईंना दिली. शहनाजच्या वाट्याला नुसत्या जुन्या आल्या. हे सांगितल्यावर दोघींनी काहीच विचारलं नाही. एक जण रडेल, भांडेल, निदान नशिबाला बोल लावेल, तर तेही नाही. बायका समजूतदार आहेत, असं नूतनला वाटलं.

आता येत्या सोमवारी कंपनीचा तपासनीस दहाही फायली पाहायला येणार होता. त्याने मान डोलावली की केंद्र पक्कं आणि आणखी वीस जणांचं औषध मंजूर. म्हणून आज एकाही रकान्यात रिकामी जागा नको होती.

"बरं, अक्का, तुम्ही चला आधी," नूतन भागाबाईंना म्हणाली.

आत कॅन्सर विभागाचे डॉक्टर, महाजन सर, सोनोग्राफीच्या मशीनपाशी बसले होते. भागाबाई टेबलावर आडव्या झाल्या. त्यांचा चेहरा अगदी स्वच्छ होता. एप्रिलमध्ये आल्या तेव्हा नाकाच्या दोन्ही बाजूंनी, गालांवर, हनुवटीवर बारीक लालभडक पुरळ उठलं होतं. तेव्हा सर खूश झाले होते. ही गोळी ज्याला लागू पडते त्याच्या चेहऱ्यावर असं पुरळ येतंच, त्यांनी दोघींना समजावून सांगितलं होतं. मानेतली गाठही एकवीस मिलिमीटरची चौदावर आली होती.

सरांनी मानेवर यंत्र फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं.

"सत्तावीस," ते म्हणाले.

नूतनने लिहिता लिहिता वर पाहिलं. सरांनी पडदा तिच्याकडे वळवला. सत्तावीसच होते.

"गोळ्या रोज घेतल्या, अक्का? एकही चुकली नाही?"

भागाबाईंनी पिशवीतून रिकाम्या पट्ट्या काढून टेबलावर ठेवल्या. नूतनने मोजल्या. तीस घरं, तीसही फोडलेली. दुसऱ्यांदा मोजली तरी तीसच भरली.

"काय ऊनं?" भागाबाईंनी विचारलं. "वाढनी का?"

"हो, अक्का. वाढली आहे."

"वाढनी ते वाढनी." त्या उठून बसल्या, पदर नीट केला आणि सरांकडे पाहून म्हणाल्या, "आते तिनी दखा ना."

आपली गाठ जवळजवळ दुप्पट झाल्याचं ऐकून बाई घाबरत नाही, आणि दुसरीची पाहा म्हणून मागे लागते. हे नूतनच्या कानाला खटकलं. पण सर फायलीत लिहीत होते. औषध लागू पडलं नाही; नियमाप्रमाणे नवी गोळी बंद. एक पेशंट असा गेला तरी तो दहात धरला जायचाच, म्हणून नूतनने तो विचार मागे सारला आणि शहनाजला हाक मारली.

सोनोग्राफीच्या टेबलावर नकाब ठेवता येत नाही. शहनाजने तो काढला आणि भिंतीकडे तोंड केलं.

घामोळ्या मानेवर येतात, पाठीवर येतात. शहनाजच्या चेहऱ्यावरचं हे पुरळ नाकाच्या दोन्ही बाजूंनी उतरलं होतं आणि हनुवटीवर येऊन थांबलं होतं. नूतनने ते आतापर्यंत पाच चेहऱ्यांवर पाहिलं होतं. नवी गोळी मिळालेले तेवढे पाच.

सरांचं लक्ष पडद्यावर होतं. "अरे वा," ते म्हणाले. "वीसची बारा! जुन्या गोळ्यांवर एवढी..." मग त्यांनी शहनाजच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मग नूतनकडे.

शहनाजला रक्त तपासायला पाठवून दिल्यावर त्यांनी मशीन बंद केलं.

"मे महिना आहे," ते म्हणाले. "बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, आणि वर बुरखा. घामोळ्या येतात माणसाला."

सर वाईट माणूस नव्हते. धुळ्यात पंधरा वर्षं राहून, मुंबईची दोन बोलावणी नाकारून, त्यांनी हा विभाग उभा केला होता. ते जे म्हणत होते त्याचा अर्थ नूतनला समजला आणि ते म्हणाले याचं तिला बरंही वाटलं, हे खोटं कशाला सांगायचं? घामोळ्या. तीन अक्षरं लिहायची आणि सोमवार सुखाने पार पडणार होता.

"मी आलेच, सर," ती म्हणाली.

हॉस्पिटलात एसी दोनच ठिकाणी होता, ट्रस्टींच्या खोलीत आणि ट्रायलच्या गोळ्या ठेवायच्या खोलीत. नूतनने भागाबाईंना तिथे नेलं, स्टुलावर बसवलं आणि दार लोटलं. थंड वाऱ्याने भागाबाईंचे डोळे मिटले.

"अक्का, तुम्ही शहनाजला गोळ्या दिल्या."

भागाबाईंनी डोळे उघडले नाहीत.

"अक्का, मी तुम्हाला विचारतेय."

"दिध्यात," त्या म्हणाल्या.

नूतनला राग आला. साधासुधा नाही, चांगला सणसणीत. चौदा महिने, एकशे त्रेसष्ट माणसं, ती जिलबी, सगळं तिच्या डोक्यात एकदम चढलं. म्हातारीला वाटलं तरी काय? देवाचा प्रसाद आहे का हा, शेजारणीला वाटायला?

"मी किती वेळा सांगितलं होतं? सही करताना सांगितलं, गोळ्या देताना सांगितलं. दुसऱ्या कोणाला द्यायच्या नाहीत. अर्धी-अर्धी केली की दोघींना गुण येत नाही. काय केलंत हे?"

"अर्धी कोनी करी?" भागाबाईंनी आता डोळे उघडले. "अर्धी भाकरवर कोनं पोट भरस?"

"मग?"

"पहिला महिना मी खाई दखी. कशी शे, काय शे, समजाले नको का? तोंडवर फोड ऊनात. डॉक्टर बोलनात, लागू पडनी. गाठ बी बसनी. मंग म्हनं, खरी शे. आते हाई तिले देवानं."

"सगळ्या?"

"बठ्ठ्या. तीसना तीस."

नूतन खाली ठेवलेल्या खोक्यावर बसली. म्हातारीने आपली स्वतःची चाचणी घेतली होती. आधी स्वतःवर, मग गुण येतो अशी खात्री पटल्यावर दुसरीवर. कोणाला द्यायची ते तिने कॉम्प्युटरवर सोडलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

"आणि शहनाजला हे चालतं? तुमचं औषध ती खाते, तुमची गाठ वाढते..."

"तिले कोठे माहीत शे? तिले सांगेल शे का माले रोज दोन भेटतस. एक माले, एक तिले. तरी बी घेवाले तयार नव्हती. आखाजीना सनले मन्या पोरी ऊन्यात, तव्हय तर लपीसन देवा लागनी."

"पण का, अक्का?"

भागाबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं. एसी घरघरत होता.

"नवी नवरी व्हती ती. मायघर तिनं मालेगावले. एक दिन भिंतपाशी बशीसन रडे. मी इचारं, काय व्हयनं, तर दात दुखस. आमना घरमा ते मिसरी बारा महिना. मीच तवावर तंबाखू भाजी, बारीक करी, नी तिना बोटले लाई दिधी. म्हनं, लाव, ठनका थांबी जाई." त्या थांबल्या. "थांबना. मंग ती रोज लाये. ईस वरीस. मन्याच डबीमातून."

नूतनला मार्चमधला कागद आठवला. तंबाखू किती वर्षांपासून, या प्रश्नाला शहनाजने 'शादी के बाद' असं सहज सांगितलं होतं, आणि शेजारी बसलेल्या भागाबाई तेव्हा भिंतीवरचं कॅलेंडर पाहत होत्या.

"तिने कधी तुम्हाला दोष दिला?"

"ती? तिना ध्यानमा बी नही ते." भागाबाई हसल्या, पण ऑपरेशन झालेल्या बाजूने हसू फुटलं नाही. "मना पोऱ्या सुरतले, पोरी आपापला घर. मनं बठ्ठं व्हयी गयं, बाई. तिनी तहरीम आते नववीमा शे."

नूतनचा राग कधीच ओसरला होता आणि त्याच्या जागी जे आलं होतं ते सोसायला रागापेक्षा कठीण होतं. तिला लाज वाटली. त्या दिवशी कॅमेऱ्यासमोर ही बाई 'मी शे ना' म्हणाली तेव्हाच ती सगळं बोलून बसली होती, आणि नूतनने तिकडे पाहिलं नव्हतं, कारण तिला आकडा हवा होता.

"मला हे लिहावं लागेल, अक्का," ती हळू म्हणाली. "दोघींची नावं निघतील."

"लिखा. लिखानं ते लिखा." भागाबाईंनी तिचा हात धरला. त्यांचा तळवा खरखरीत आणि या थंड खोलीतही गरम होता. "पन मी खादीच नही, हाई तिले नका सांगू. तिले समजनं ते ती पुढला घास बी खावाव नही."

महाजन सर अजून तिथेच बसले होते. दोन्ही फायली त्यांच्यापुढे होत्या. नूतनने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मिसरीचंही सांगितलं.

"दोघी बाद म्हणजे आठ," सर म्हणाले. "आठवर केंद्र राहत नाही, नूतन."

"माहीत आहे, सर."

"त्या आठांना नाशिकला जावं लागेल. किती जातील?"

"पाच. कदाचित चारच." कोण जाणार नाही त्यांची नावंही तिला ठाऊक होती. त्यातल्या रुपचंद भिलांना तर धुळ्याला यायलाच दोन गाड्या बदलाव्या लागत.

"मग?"

नूतनने खुर्ची ओढली आणि बसली. काय म्हणायचं ते तिला येतानाच सुचलं होतं.

"सर, अक्कांच्या फायलीत आपण आता लिहिलं, औषध लागू पडलं नाही. शहनाजच्या फायलीत जाणार, जुन्याच गोळ्यांवर गाठ वीसची बारा झाली. दोन्ही उलटं आहे. औषध घेतलंच नाही तिला औषध हरलं म्हणायचं, आणि घेतलं तिला घेतलं नाही म्हणायचं. हे असं पुढे गेलं आणि उद्या ते म्हणाले, ही गोळी काही कामाची नाही, बंद करा? शहनाजची गाठ जिने बसली ती गोळी मग कोणालाच मिळायची नाही. दहा खोटे देण्यापेक्षा आठ खरे देऊ."

सरांनी चष्मा काढला आणि रुमालाने पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

"चौदा महिने घातलेत तुम्ही यात," ते म्हणाले.

"हो."

"लिहा. मी सही करतो." चष्मा डोळ्यांवर चढवून ते पुढे म्हणाले, "कंपनीला दोन पत्रं टाकू. या दोघींना चाचणीच्या बाहेर ती गोळी द्या म्हणून एक. आणि केंद्र चालू ठेवा म्हणून एक. होईल असं मी सांगत नाही."

नूतनने लिहिलं. भागाबाईंच्या फायलीत लिहिलं की दुसऱ्या महिन्यात पेशंटने नवी गोळी एकही घेतली नाही. आधीची ओळ एका सरळ रेघेने खोडली, बाजूला तारीख घातली, सही केली. शहनाजच्या फायलीत तीस गोळ्या लिहिल्या. तिचं अक्षर नेहमीसारखंच आलं याचं तिला नवल वाटलं.

मग तिने दोघींना आपल्या खोलीत बोलावलं. शहनाजचा नकाब आता मागे होता. लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सोमवारपासून दोघींची नावं चाचणीत नसतील, जुन्या गोळ्या चालू राहतील, नवीसाठी अर्ज केला आहे, उत्तर काय येईल ते माहीत नाही, हे सगळं नूतनने एकदा सांगितलं आणि पुन्हा एकदा सावकाश सांगितलं.

"गलती मेरी है, मॅडम," शहनाज म्हणाली. "अक्का को मत बोलो. वो दे रही थी, पर लेनेवाली तो मैं. मेरी कितनी हुई?"

"बारा. कमी झाली आहे."

शहनाजचे डोळे एकदम भरून आले आणि त्याच डोळ्यांनी ती भागाबाईंकडे वळली. "नी तुनी, अक्का?"

भागाबाई पिशवीचे बंद बांधत होत्या. "मनी ऱ्हाऊ दे. चाल."

"मॅडम, अक्का की कितनी?"

आकडा काही लपत नाही. पुढच्या महिन्यात तो मानेवरच दिसला असता. "सत्तावीस," नूतन म्हणाली.

शहनाजने बोटांवर काहीतरी मोजलं. मग तिचा हात तसाच हवेत राहिला.

"मतलब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज अगदी बारीक झाला, "अक्का की आधी दवा मैं खा गई. इसलिये बढी?"

भागाबाईंनी बांधलेले बंद सोडले आणि पुन्हा बांधायला घेतले. त्यांनी मान वर केली नाही.

"नाही," नूतन म्हणाली. "तसं नाही, शहनाजबी. अक्कांना ते औषध लागू पडलं नाही. होतं असं पुष्कळांना. तुम्ही घेतली नसती तरी त्यांची गाठ वाढलीच असती."

"सच?"

"हो."

शहनाजचं समाधान झालं नाही. गेल्या दोन महिन्यांत ती या खोलीत एक गोष्ट पक्की शिकली होती: इथे कागदावर असतं तेच खरं. तिने टेबलावरच्या भागाबाईंच्या फायलीकडे बोट केलं.

"कागद पे वैसाच लिखा क्या?"

नूतनने फायलीवर हात ठेवला.

"हो," ती म्हणाली. "तसंच लिहिलंय."

शहनाजने दीर्घ श्वास सोडला, ओढणीने डोळे पुसले आणि भागाबाईंच्या हातातली पिशवी आपल्याकडे घेतली.

"चाल व माय," भागाबाई उठत म्हणाल्या. "साडेतीननी गाडी चुकी जाई."